दुष्काळातली कृष्णा : तुटीचे वाटप



१२ एप्रिल २०१६ रोजी लातूर स्टेशनात पाण्याची गाडी लागली. दहा टँकर-वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. ते मिरजेत भरलेले होते, म्हणजे कृष्णेचे. लातूर मांजरेच्या खोऱ्यात, आणि मांजरा गोदावरीची उपनदी. एका खोऱ्यातले पाणी दुसऱ्या खोऱ्यात निघाले होते. एरवी एवढ्या गोष्टीवर राज्याराज्यांत पत्रोपत्री होते, वकील उभे राहतात. त्या दिवशी मिरजेत कुणी आडवे आले नाही. कर्नाटकाने हरकत घेतली नाही, तेलंगण आणि आंध्र प्रदेशानेही घेतली नाही. प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता आणि तो सगळ्यांना कळला होता.

आज मला बोलायचे आहे ते त्यापुढच्या पाण्याविषयी. तहान भागल्यावर जे उरते, ज्यावर ऊस, भात, वीज आणि निवडणुका उभ्या असतात, त्या पाण्याविषयी. नदी चार राज्यांची आहे आणि एखाद्या वर्षी तिला पाणी नाही. अशा वर्षी कुणी किती सोसायचे? कृष्णेच्या बाबतीत या प्रश्नाचे सर्वांना बांधील असे लेखी उत्तर आज अस्तित्वात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ते उत्तर लिहिण्यासाठी महाराष्ट्राने, वरच्या अंगाच्या राज्याने, पहिला हात पुढे करावा. आणि ते चांगल्या पावसाच्या वर्षी करावे.

कृष्णेचे खोरे सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचे. त्यातला सव्वाचार आण्यांहून थोडा अधिक भाग महाराष्ट्रात, सात आणे कर्नाटकात, उरलेला तेलंगण आणि आंध्रात. पण पाऊस या हिशोबाने पडत नाही. महाबळेश्वर, कोयना, वारणा, राधानगरी, मुळशी या सह्याद्रीच्या पट्ट्यात तो कोसळतो आणि शंभर किलोमीटर पूर्वेला खटाव, आटपाडी, जत, सांगोला इथे संपतो. वर्षभराचे पाणी जुलै-ऑगस्टच्या काही आठवड्यांत येते. ते आधी आमच्या धरणांत थांबते, मग अलमट्टी आणि नारायणपूरला, मग श्रीशैलमला आणि शेवटी नागार्जुनसागरात. खालच्या शेतकऱ्याचा खरीप वरचे धरण भरण्याची वाट पाहत असतो. वर्षाअखेरीस बेरीज बरोबर जुळली तरी जुलैत न आलेले पाणी त्याच्या रोपांना उपयोगाचे नसते.

१९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली पहिला कृष्णा पाणीतंटा लवाद नेमला गेला. त्याचा मुख्य निर्णय १९७३ अखेर आला आणि १९७६ मध्ये तो राजपत्रात प्रसिद्ध झाला. लवादाने नदीचे पाणी २०६० टीएमसी धरले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी मिळाले. हे आकडे आपल्याकडे पाण्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत. पण २०६० हा आकडा ७५ टक्के विश्वासार्हतेचा आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. शंभर वर्षांपैकी पंचाहत्तर वर्षे एवढे किंवा याहून जास्त पाणी येईल. उरलेल्या पंचवीस वर्षांत ते येणार नाही, हे त्या आकड्यातच मान्य केलेले आहे.

मग त्या पंचवीस वर्षांचे काय? लवादाला हा प्रश्न पडला नव्हता असे नाही. त्याने दोन योजना मांडल्या. ‘अ’ योजनेत प्रत्येक राज्याला वापराची मर्यादा घालून दिली. जास्तीचे पाणी तळाच्या आंध्राने वापरावे, मात्र त्यावर हक्क सांगू नये, असे ठरवले. तूट आली तर तीही बहुतांशी तळालाच सोसावी लागणार, हा त्यामागचा न बोललेला भाग. ‘ब’ योजनेत कृष्णा खोऱ्यासाठी एक प्राधिकरण कल्पिले होते. त्याने जास्तीच्या वर्षी वाढ वाटायची आणि तुटीच्या वर्षी तूट वाटायची. ही योजना राज्यांच्या संमतीशिवाय किंवा संसदेच्या कायद्याशिवाय अमलात येऊ शकत नव्हती. संमती मिळाली नाही आणि कायदाही झाला नाही. ‘अ’ योजना बंधनकारक झाली, ‘ब’ योजना अहवालात राहिली. माझ्या मते कृष्णेच्या इतिहासातली ही सर्वांत महाग पडलेली गोष्ट आहे. तुटीचे वाटप करणारी यंत्रणा पन्नास वर्षांपूर्वी कागदावर तयार होती आणि चांगल्या वर्षांच्या भरवशावर आपण सगळ्यांनी ती बाजूला ठेवली.

दुसरा लवाद न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांचा. २००४ मध्ये नेमला, ३० डिसेंबर २०१० रोजी निर्णय, २०१३ मध्ये पुढील अहवाल. त्याने ४७ वर्षांच्या नोंदी घेऊन ६५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २२९३ टीएमसी काढले आणि वाटपाचा पाया तेवढा रुंद केला. राज्यांचे वाटे वाढले, म्हणून आपल्याकडे समाधान व्यक्त झाले. पण पाया पंचाहत्तरावरून पासष्टावर आणला, की पुरे पाणी न येणारी वर्षे पंचविसावरून पस्तिसावर जातात. वाटा जेवढा मोठा, तेवढा तुटीचा प्रसंग अधिक वेळा येणार. अशा वेळी तुटीचा नियम आधीपेक्षा जास्त गरजेचा होतो. अलमट्टीतून जून-जुलैत ८ ते १० टीएमसी पाणी खाली सोडावे, असे या लवादाने कर्नाटकाला सांगितले, हे मला फार मोलाचे वाटते. पाण्याला महिना असतो, हे तिथे मान्य झाले. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली. त्यानंतर २०१४ मध्ये आंध्राचे विभाजन झाले. त्या विभाजनाच्या कायद्यातल्या कलम ८९ मध्ये मात्र एक वाक्य आहे, ज्याकडे आपले लक्ष जायला हवे होते. पाणी कमी आल्यास प्रकल्पनिहाय कसे सोडायचे याची कार्यपद्धती लवादाने ठरवावी, असे संसदेने तिथे लिहिले आहे. म्हणजे तुटीचा नियम हवा हे देशाच्या संसदेनेच सांगितले.

तो नियम नसला की काय होते, ते नागार्जुनसागरच्या भिंतीवर दिसले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पाणी सोडण्यावरून तेलंगण आणि आंध्र या दोन्ही राज्यांचे पोलीस धरणावर समोरासमोर आले. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस, तेलंगणात विधानसभेचे मतदान असतानाच, आंध्रच्या पोलिसांनी धरणाच्या आपल्या बाजूच्या भागाचा ताबा घेतला आणि उजव्या कालव्यात पाणी सोडले. कारण पिण्याच्या पाण्याचे दिले गेले. शेवटी धरणावर केंद्रीय राखीव पोलीस दल उभे करावे लागले. एकाच भाषेची, काल-परवापर्यंत एकच असलेली ही दोन राज्ये. तिथे ५१२ आणि २९९ टीएमसी अशी तात्पुरती विभागणी झालेली होती. पण ती पूर्ण ८११ ची विभागणी होती. ८११ आलेच नाहीत तर कुणी किती घ्यायचे, हे दर वर्षी बैठकीत ठरवावे लागत होते, आणि बैठक फसली की पोलीस.

आता आपल्या दाराशी येऊ. दर कडक उन्हाळ्यात कर्नाटकाकडून मुंबईला पत्र येते. ३१ मे २०२३ च्या पत्रात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी वारणा-कोयनेतून कृष्णेत २ टीएमसी आणि उजनीतून भीमेत ३ टीएमसी पाणी मागितले. बेळगाव, विजयपूर, बागलकोट, कलबुर्गी, यादगीर, रायचूर या जिल्ह्यांतल्या माणसांना आणि जनावरांना पिण्यासाठी. आधीच्या काही उन्हाळ्यांत कर्नाटकाने पैसे मोजून पाणी घेतले आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्राने पैशांऐवजी पाणी मागितले. कोयनेचे घ्या, पण तुमच्या तुबची-बबलेश्वर योजनेतून आमच्या जतला द्या. मागणी अगदी योग्य होती. जतची पूर्वेकडची गावे तिथून जवळ आहेत आणि म्हैसाळ योजनेचे पाणी त्यांच्यापर्यंत चढवत न्यायला बरेच पंप आणि बरीच वर्षे लागतात. पण असा व्यवहार मे महिन्यात, धरणे तळाला गेलेली असताना, मंत्र्यांच्या भेटीत ठरत असेल तर तो ठरेपर्यंत पाऊस येतो. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला, तेव्हा त्यांनी आधार कशाचा घेतला? पाणी मिळत नाही म्हणून गावांनी पूर्वी केलेल्या ठरावांचा. पाण्याचा नियम नसला की सीमेचे राजकारण त्या रिकाम्या जागेत येऊन बसते.

पत्राला होकार दिला तरी काम संपत नाही. कोयनेतून सोडलेले पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या बंधाऱ्यांवरून, काठावरच्या हजारो मोटारींच्या फूटव्हॉल्व्हसमोरून आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांतून उतरत शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यापर्यंत जाते. तिथून पुढे हिप्परगी. कोरड्या पात्रात पहिले पाणी वाळूच पिते. काठावरची वीज तोडावी लागते, बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात. ज्याचा ऊस वाळत असतो त्याच्या डोळ्यांसमोरून पाणी पुढे पाठवायचे असते. हे काम शाखा अभियंत्याला आणि पाटकऱ्याला करावे लागते आणि शिव्याही त्यांनाच बसतात. पुढच्या राज्याला पोचलेले पाणी किती, हे दोघांना मान्य होईल अशा मोजणीने ठरले नाही तर देणारा म्हणतो दिले, घेणारा म्हणतो मिळाले नाही. कुरुंदवाडला केंद्रीय जल आयोगाचे मोजमाप केंद्र आहे. पुरात त्याचे आकडे आपण तासातासाला पाहतो. उन्हाळ्यात त्यांचा तेवढाच उपयोग व्हायला हवा.

कावेरीकडे पाहिले तर यातले बरेच कळते. तिथे तुटीचा नियम आहे. कावेरी लवादाच्या २००७ च्या निर्णयानुसार कमी पाण्याच्या वर्षी सर्वांचे वाटे त्याच प्रमाणात घटवायचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तमिळनाडूला बिळिगुंडलू येथे वर्षाला १७७.२५ टीएमसी द्यायचे ठरवले, तेही महिन्याच्या वेळापत्रकासह. जुलैत ३१.२४, ऑगस्टमध्ये ४५.९५. अंमलबजावणीसाठी प्राधिकरणही आहे. तरीही २०२३ च्या सप्टेंबरात बेंगळुरू बंद झाले आणि मंड्यात रस्ते अडले. कारण ‘त्याच प्रमाणात’ म्हणजे कोणत्या प्रमाणात, हे आधी ठरलेले नव्हते. कर्नाटकाच्या चार धरणांत आलेले पाणी तीस वर्षांच्या सरासरीशी ताडून तूट काढली गेली. पण तमिळनाडूने कुरुवैच्या भातासाठी मेट्टूरमधून सोडलेले पाणी मोजायचे की नाही, हंगाम अर्धा असताना पूर्ण वर्षाची तूट कशी धरायची, यावर वाद दर पंधरवड्याला नव्याने झाला. तरी कृष्णेपेक्षा तिथली स्थिती बरी, असे मी म्हणतो. भांडण होते, पण ते एका टेबलावर होते आणि पंधरवड्यात आकडा निघतो. आणखी एक. २००३ मध्ये, सलग वाईट गेलेल्या वर्षांत, दोन्ही राज्यांतल्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून ‘कावेरी कुटुंब’ नावाचा गट केला. ते एकमेकांच्या शेतांवर गेले. तंजावरच्या शेतकऱ्याने मंड्यातली कोरडी शेते पाहिली, मंड्याच्या शेतकऱ्याने मेट्टूरखालची पाहिली. त्यातून निवाडा निघाला नाही. पण समोरचा खोटे बोलतो ही समजूत कमी झाली. कृष्णाकाठी असे काही आपण केलेले नाही. अथणीचा आणि जतचा शेतकरी एकाच बाजारात बसतो, तरीही.

महाराष्ट्राला मात्र तुटीचा नियम नवा नाही. तो आपण आपल्याच घरात लिहिला आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात कलम १२(६)(क) आहे. खोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने सोसावी, त्यासाठी ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतल्या पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, साधारण सारखी ठेवावी, असे ते कलम म्हणते. गोदावरीत त्यावरून केवढा संघर्ष झाला! नाशिक-अहमदनगरची धरणे भरलेली आणि पैठणचे जायकवाडी रिकामे. मेंढेगिरी समितीने तक्ते केले, २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो मुख्यत्वे उचलून धरला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडायचे. २०२३ मध्ये याच आधारावर सुमारे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश झाला. वर आंदोलने झाली, खाली आंदोलने झाली, कोर्टात धाव घेतली गेली, आणि नोव्हेंबरात पाणी सुटले. तो आकडा उद्या बदलेल, बदलावाही. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ऑक्टोबरात कुणाच्या दयेवर बसावे लागत नाही. त्याच्या हातात कलम आहे.

याहून जुनी गोष्ट खानदेशातली. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत. बंधाऱ्याखालची जमीन मोठमोठ्या फडांत विभागलेली. एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाऊस कमी झाला की गावकरी बसून ठरवत, यंदा अमुक फडच भिजवायचे. बाकीचे कोरडे. ज्या फडांना पाणी, तिथे सगळ्यांची थोडी जमीन. जे कोरडे राहतील, तिथेही सगळ्यांची. पाटकरी पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी, त्यांचे वेतन धान्यात ठरलेले. तुटीचा नियम जमिनीच्या रचनेतच होता, म्हणून दुष्काळाच्या वर्षी नव्याने भांडायची गरज पडत नसे. ती पद्धत आज बरीचशी मोडली आहे. पण समन्याय हा शब्द आपल्याकडे बाहेरून आला असे कुणी म्हटले तर त्याला पांझरेच्या काठी न्यावे.

इथे सभागृहातले काही जण मनात म्हणत असतील, आम्ही वर आहोत, आम्हाला काय गरज? त्यांना मी नागपूरला घेऊन जातो. पेंच नदीवर मध्य प्रदेशाने चौराई धरण बांधले. खाली तोतलाडोहला येणारे पाणी घटले आणि पाऊसही रुसला. जुलै २०१९ मध्ये नागपूर महापालिकेला शहराचे पाणी एक दिवसाआड करावे लागले. त्या दिवसांत नागपूर भोपाळबद्दल जे बोलत होते, तेच विजयपूर मुंबईबद्दल बोलते, शब्दसुद्धा तेच. कृष्णेवर आपण वर आहोत, पेंचवर खाली. जो नियम कृष्णेवर नको म्हणू, तो पेंचवर कोणत्या तोंडाने मागणार?

मग महाराष्ट्राने काय मांडावे? वाट्यांना हात न लावता, लवादाचे वाद जिथे आहेत तिथे राहू देत, फक्त तुटीपुरता करार. दुष्काळ कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे. ठरलेल्या मोठ्या धरणांतला एकत्रित साठा ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या मध्याला अमुक टक्क्यांच्या खाली असेल तर तो दुष्काळ. मंत्री काय म्हणतात यावर नाही. पिण्याचे पाणी, माणसांचे आणि गुरांचे, सर्व राज्यांसाठी आधी बाजूला काढावे. हे जमणार नाही असे कुणी म्हणू नये. १९७६-७७ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तिघांनी आपापल्या वाट्यातून पाच-पाच टीएमसी पाणी खोऱ्याबाहेरच्या चेन्नईसाठी द्यायचे मान्य केले होते. चेन्नईला देऊ शकलो तर रायचूरला आणि महबूबनगरला देता येते. त्यानंतर उरलेली तूट वाट्यांच्या प्रमाणात. आणि सोडलेले पाणी राज्याच्या सीमेवर, दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांसमोर मोजलेले.

आणखी एक कलम मला हवे आहे आणि ते महाराष्ट्राला जड जाईल. कोयनेतून वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेला वळवता येते. वीज करून ते वाशिष्ठीत उतरते आणि समुद्राला मिळते. खोऱ्यात परत येत नाही. संध्याकाळच्या तासांत विजेची मागणी चढते, तेव्हा कोयना चटकन मदतीला येते, हे मला माहीत आहे, आणि त्या विजेची किंमत मी कमी लेखत नाही. पण दुष्काळी वर्षी पहिली कपात या पश्चिमेच्या पाण्यात व्हावी. २०२३ च्या पत्रात कृष्णेसाठी मागितलेले २ टीएमसी म्हणजे त्या मर्यादेच्या सुमारे तीन टक्के. तेवढी वीज दुसरीकडून आणता येते. पाणी आणता येत नाही. आणि वाचलेल्या पाण्यावर पहिला हक्क कर्नाटकाचाच असेल असे नाही. आटपाडी, जत, माण, खटाव यांचाही आहे.

उसाबद्दल बोलल्याशिवाय मी इथून उतरू शकत नाही, कारण मी सांगलीत बोलतो आहे. धरण भरले की उसाचे क्षेत्र वाढते आणि पुढच्या तुटीच्या वर्षी तेच क्षेत्र आपला हक्क म्हणून उभे राहते. उजनी उन्हाळ्यात उणे पन्नास टक्क्यांच्या खाली गेल्याची वर्षे आपण पाहिली आहेत. मृत साठ्यात मोटारी टाकून ऊस जगवताना पाहिला आहे. तुटीचा करार शेजाऱ्याशी करायचा तर दुष्काळी वर्षी नव्या लागणीला कालव्याचे पाणी नाही, हे आपल्या लोकांना आपणच आधी सांगावे लागेल. ठिबक करणाऱ्याला पाण्यात सवलत द्या, कडधान्य आणि ज्वारीला भाव द्या. पण सांगा. कर्नाटकानेही मुधोळ-जमखंडीत तेच सांगावे, आंध्र आणि तेलंगणाने भाताबद्दल सांगावे.

श्रोतेहो, कायदा, लवाद आणि दिल्ली आपल्या हातात नाहीत. पण पाणीवापर संस्था, ग्रामसभा, बाजार समित्या आणि साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा आपल्या आहेत. सरकारने कृष्णेच्या तुटीचा करार कर्नाटकासमोर लेखी ठेवावा, हा ठराव तिथे मांडा. धरणे भरलेली असताना मांडा. जतच्या आणि अथणीच्या शेतकऱ्यांची एक संयुक्त बैठक या वर्षीच बोलवा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. कृष्णेचे पाणीवर्ष १ जूनला सुरू होते. त्याआधी हे काम हाती घ्या, अशी माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे.